खाडा करायचा हक्क

माझ्या आईच्या कपाटात एक निळी फाइल आहे. तिच्यात माझे निकाल आहेत, जन्मदाखला आहे, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं एक प्रशस्तिपत्रक आहे. इयत्ता सातवी, वर्षभर शंभर टक्के उपस्थितीबद्दल. एक मेच्या झेंडावंदनाला मुख्याध्यापकांनी माइकवरून नाव पुकारून ते मला दिलं. सोबत स्टीलचा एक डबा होता. शाळेने मला दिलेलं हे एकमेव बक्षीस. चित्रकला, धावणं, पाठांतर या कशातच मी कधी बसलो नाही. रोज यायचं, एवढंच मला जमलं.

त्या वर्षी जानेवारीच्या शेवटी माझे गाल सुजले. गालफुगी. आजीने गेरू उगाळून लेप लावला, आईने कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "आज राहू दे शाळा." मी रडून घर डोक्यावर घेतलं. जूनपासून एकही दिवस चुकला नव्हता, आता कसा चुकवू? शेवटी गळ्याभोवती आणि गालांवरून मफलर गुंडाळून मी शाळेत गेलो. एक नाही, चार दिवस गेलो. सरांनी मला उभं केलं आणि वर्गाला सांगितलं, "बघा, याला म्हणतात जिद्द." टाळ्या वाजल्या. गाल दुखत असल्यामुळे मला नीट हसताही आलं नाही.

माझ्या बाकावर बसणारा मुलगा वर्गात गणितात पहिला होता. त्याचे आईवडील ऊसतोडीला गेलेले असायचे, तो आजीजवळ राहायचा. तेव्हा सातवीला स्कॉलरशिपची परीक्षा असायची आणि आमच्या वर्गातून कुणी यादीत आला तर तोच येणार, हे सगळ्यांना माहीत होतं. परीक्षा फेब्रुवारीतल्या एका रविवारी होती. शुक्रवारी त्याचे गाल सुजले. शनिवारी ताप इतका चढला की त्याला उठवेना. रविवारी त्याची जागा रिकामी राहिली. मी मात्र परीक्षेला बसलो आणि अर्थातच नापास झालो.

गालफुगीचे विषाणू शरीरात शिरल्यापासून सूज यायला साधारण १६ ते १८ दिवस लागतात, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. मग मी बोटं मोजली. हिशोब बरोबर जुळत होता.

हे मी कबुलीजबाब म्हणून सांगत नाही. बारा वर्षांच्या मुलावर खटला भरण्यात काही अर्थ नाही. शिवाय गालफुगीचा रुग्ण सूज येण्याच्या दोनेक दिवस आधीपासूनच संसर्ग देऊ शकतो, तेव्हा मी घरी राहिलो असतो तरी तो वाचलाच असता असंही छातीठोक सांगता येत नाही. पण सूज आल्यावर पाच दिवस घरी राहावं, एवढा साधा नियम आहे. त्यातले चार दिवस मी त्याच्या खांद्याला खांदा लावून बसलो होतो, एका बाटलीने पाणी पीत होतो, आणि त्याबद्दल शाळेने मला डबा दिला. खटला भरायचाच तर त्या डब्यावर भरायला हवा.

*

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. आपल्या शाळा मुलांना आजारी पडू नका म्हणून सांगतात, पण आजारी पडल्यावर घरी राहायची सोय ठेवत नाहीत. हात धुवा म्हणतात, पण साबण ठेवत नाहीत. पाणी प्या म्हणतात, पण ते पाणी जिथे सोडायचं ती जागा वापरण्यासारखी ठेवत नाहीत. आणि या सगळ्याची जबाबदारी शेवटी नऊ वर्षांच्या मुलाच्या 'चांगल्या सवयीं'वर ढकलून मोकळ्या होतात.

'चांगल्या सवयी' हा शब्द तुम्ही शाळेच्या भिंतीवर वाचला असेल. निळ्या ऑइलपेंटमध्ये, हातावर पाणी घेणाऱ्या गुबगुबीत मुलाच्या चित्राशेजारी. त्या भिंतीपासून दहा पावलांवर नळ असतो. पुढच्या वेळी शाळेत मतदानाला जाल तेव्हा तो नळ सोडून बघा.

माझी ताई झेडपीच्या शाळेत शिकवते. दरवर्षी १५ ऑक्टोबरला जागतिक हात धुणे दिन असतो. फोटो काढायचे, ग्रुपवर टाकायचे, वर पाठवायचे. ताई पदरच्या पैशांनी साबण आणते, मुलं ओळीने उभी राहतात, फेस काढतात, फोटो होतो. मग ती साबणाच्या वड्या पुसून कपाटात ठेवते, कारण बाहेर ठेवल्या तर तीन दिवसांत संपतात आणि पुढच्या वड्या कुठून आणायच्या हा प्रश्न असतो. हे ऐकून तुम्हाला ताईचा राग आला असेल तर जरा थांबा, आधी आकडे पाहू.

समग्र शिक्षा योजनेत शाळांना संयुक्त शाळा अनुदान मिळतं. शंभर पटाच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये. खडू, वीजबिल, दुरुस्ती, सगळं त्यात. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असा नियम आहे. म्हणजे २,५०० रुपये. शाळेचे दिवस धरा २०० ते २२०. दिवसाला अकरा ते साडेबारा रुपये. मुलामागे बारा पैशांच्या आसपास. या बारा पैशांत साबण, फिनेल, झाडू, ब्रश, बादली आणि नळाची गळती. 'किमान' म्हटलंय, जास्त खर्च करायला मनाई नाही, हे खरंच. पण मग वीजबिल कोण भरणार? मुलाच्या स्वच्छतेची किंमत आपण बारा पैसे धरली आहे, आणि भिंतीवरच्या गुबगुबीत मुलाला रंगवायला त्याहून जास्त खर्च आला असणार.

*

शाळेतले आजार पसरतात तरी कसे? हे नीट समजून घेतलं नाही तर आपण सगळ्या आजारांवर एकच उपाय शोधत बसतो. ढोबळमानाने तीन वाटा आहेत.

पहिली वाट पाण्याची आणि हाताची. जुलाब, टायफॉइड, कावीळ, जंत. एकाच्या पोटातलं दुसऱ्याच्या तोंडात जातं, इतकं ते सरळ आणि किळसवाणं आहे. काविळीचं उदाहरण घ्या. दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए या काविळीत डोळे पिवळे दिसायच्या आधीच्या दोन आठवड्यांत रुग्ण सगळ्यात जास्त विषाणू बाहेर टाकत असतो. डोळे पिवळे दिसेपर्यंत जे पसरायचं ते पसरून गेलेलं असतं. मग आपण काय करतो? मुलाला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतो, पाण्याच्या ताटात हात बुडवतो, ताट पिवळं होतं, आपलं समाधान होतं. शाळेच्या टाकीत टीसीएल पावडर शेवटची कधी टाकली, ओटी टेस्ट कुणी केली, हे कुणी विचारत नाही. त्या टेस्टमध्ये पाणी पिवळं झालं तर ते खरं चांगलं लक्षण, कारण पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. पण त्या पिवळ्या रंगाशी आपलं काही देणंघेणं नाही.

दुसरी वाट हवेची. गोवर, कांजिण्या, फ्लू, क्षय. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीच्या बाजूने गोवराची साथ उठली आणि लहान मुलं दगावली. गोवराचा रुग्ण खोलीतून उठून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू त्या हवेत राहू शकतो. लस न घेतलेल्यांच्या घोळक्यात एक रुग्ण बारा ते अठरा जणांना आजारी पाडू शकतो. ही साखळी तोडायची तर शंभरातल्या पंचाण्णव मुलांना लस मिळालेली असावी लागते. इथे हात धुऊन भागत नाही. इथे लसीचं कार्ड लागतं आणि उघडी खिडकी लागते. आता तुमच्या ओळखीतली नवीन इंग्लिश मीडियम शाळा आठवा. काचेच्या बंद खिडक्या, एसी, एका वर्गात साठ मुलं. फी भरून आपण मुलांना एकमेकांचा श्वास विकत घेऊन देतो.

तिसरी वाट स्पर्शाची. डोळे येणं, खरूज, नायटा, उवा. जुलै २०२३ मध्ये आळंदीत शाळकरी मुलांमध्ये डोळे येण्याची साथ आली आणि मग राज्यभर पसरली. तेव्हा प्रत्येक घरात काळा गॉगल निघाला. जणू डोळ्यांत डोळे घातल्याने ती पसरते. प्रत्यक्षात ती हातातून, टॉवेलमधून, रुमालातून जाते. खरजेची गोष्ट आणखी वेगळी. पहिल्यांदा खरूज होते तेव्हा खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे वसतिगृहातल्या एका खोलीत ज्याला खाज येते त्यालाच मलम देऊन उपयोग नसतो. त्या खोलीतल्या सगळ्यांना, एकाच दिवशी, मानेपासून पायापर्यंत मलम लागतं आणि अंथरूण-कपडे गरम पाण्यातून काढावे लागतात. पण मलमाच्या ट्यूब मोजून येतात, ज्याची खाज जास्त त्याला मिळतात, आणि दोन महिन्यांनी पुन्हा सगळी खोली खाजवत बसते. मग आपण म्हणतो, ही मुलं अंघोळच करत नाहीत.

तिन्ही वाटा वेगळ्या आहेत, पण एका बाबतीत सारख्या. मुलाच्या हातात यातलं फार थोडं आहे. टाकी त्याची नाही, खिडकी त्याची नाही, मलमाची ट्यूब त्याची नाही. त्याच्या हातात फक्त हात आहेत, आणि आपण नेमकं तेवढ्यावरच भाषण देतो.

*

आता हजेरीकडे येतो, कारण माझा खरा राग तिथे आहे.

हजेरीचं कौतुक आपल्याकडे उगाच आलेलं नाही, हे मला कळतं. ज्या घरातली पहिली पिढी शाळेत जात होती तिथे रोज जाणं हीच लढाई होती. मागास घटकांतल्या मुलींना रोजचा एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला तो याचसाठी. गुरं राखायला, लहान भावंडं सांभाळायला मुलं घरी ठेवली जाऊ नयेत म्हणून शिक्षकांनी दारोदार जाऊन पोरं ओढून आणली आहेत. त्या शिक्षकांना माझा दंडवत आहे. हजेरी हवीच.

पण शंभर टक्के हजेरी ही निराळी गोष्ट आहे. नव्वद टक्के मुलगा आणि शंभर टक्के मुलगा यांच्यात शिक्षणाचा फार फरक नसतो. फरक असलाच तर एवढाच, की दुसरा मुलगा एक तर वर्षभर आजारी पडला नाही, म्हणजे नशीबवान आहे, किंवा आजारी असताना आला, म्हणजे धोकादायक आहे. नशिबाला बक्षीस देण्यात अर्थ नाही आणि धोक्याला देण्यात तर मूर्खपणा आहे. दम्याच्या मुलीला, सिकलसेलच्या मुलाला हे बक्षीस आयुष्यात कधीच मिळणार नाही, मग ती कितीही जिद्दी असोत. धडधाकट शरीर असणं हा गुण आहे, असं आपण माइकवरून जाहीर करतो.

खाजगी शाळांत हे जास्त सफाईने चालतं. सर्क्युलर येतं: आजारी पाल्यास कृपया शाळेत पाठवू नये. त्याच आठवड्यात युनिट टेस्ट असते, आणि चुकलेली टेस्ट पुन्हा घेतली जात नाही. दोन दिवसांच्या सर्दीतापाला डॉक्टरचं सर्टिफिकेट मागतात. ज्या आजारात फक्त झोप आणि पेज लागते, त्यासाठी आई मुलाला घेऊन दवाखान्याच्या गर्दीत तास काढते आणि कागदाचे पैसे मोजते. म्हणून घराघरात एक युक्ती ठरून गेली आहे. सकाळी पॅरासिटामॉल द्यायचं. तिसऱ्या तासापर्यंत ताप चढत नाही. चौथ्या तासाला शाळेतून फोन येतो, तोवर पेपर झालेला असतो. औषध न घेता चोवीस तास ताप नसेल तरच शाळेत पाठवावं, हा डॉक्टरांचा साधा नियम. आईला तो माहीत नसतो असं नाही. तिला शाळाही माहीत असते.

ज्या सावित्रीबाईंचा फोटो आपण प्रत्येक वर्गात लावतो, त्यांच्या मरणाची गोष्टही आपण वर्गात नीट सांगत नाही. ३ जानेवारीला जयंती होते, शेणाच्या गोळ्यांचा प्रसंग होतो, टाळ्या होतात. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. त्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता, त्याने गावाबाहेर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला होता. सावित्रीबाई तिथे रोगी आणून त्यांची शुश्रूषा करत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं असं सांगतात. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. या देशातल्या मुलींची पहिली शिक्षिका आजारी मूल पाठीवर घेऊन गेली ती दवाखान्याकडे. वर्गाकडे नाही. तिच्या फोटोखाली उभं राहून तापाने फणफणलेल्या पोराला 'जिद्दी' म्हणताना आपल्याला काहीच कसं वाटत नाही?

*

माझ्या या म्हणण्यावर तीन उत्तरं ठरलेली आहेत.

पहिलं उत्तर व्हॉट्सअॅपवर फिरतं. 'आम्ही हापशाचं पाणी प्यायलो, मातीत लोळलो, आम्हाला काही झालं नाही.' आनंद आहे. पण ज्यांना काही झालं ते हा मेसेज फॉरवर्ड करायला शिल्लक नाहीत. आजीला विचारा तिची किती भावंडं होती आणि त्यातली किती मोठी झाली. माती आणि मैला यात फरक आहे. मातीत खुशाल खेळा. टायफॉइडने प्रतिकारशक्ती वाढवून घ्यायची गरज नाही, त्याला लस आहे.

दुसरं उत्तर: 'मग काय, शाळा बंद ठेवायच्या?' अजिबात नाही. मार्च २०२० नंतर शाळा बंद ठेवून काय होतं ते आपण पाहिलं आहे. मोबाइल नसलेली मुलं गळाली, मुलींची लग्नं उरकली गेली, दुपारची खिचडी बंद झाली तेव्हा पोटं रिकामी राहिली. शाळा ही मुलासाठी सगळ्यात सुरक्षित जागा असायला हवी, म्हणूनच हा सगळा खटाटोप. एका आजारी मुलाला तीन दिवस सन्मानाने घरी राहू दिलं तर सगळा वर्ग चालू राहतो. मला शाळा बंद करायच्या नाहीत, चालू ठेवायच्या आहेत.

तिसरं उत्तर: 'कायदे आहेत, योजना आहेत.' आहेतच. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, त्यात मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं सुरक्षित पाणी लिहिलेलं आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांची मुदत दिली होती. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, दोन डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता. हृदयाला छिद्र असलेली कित्येक मुलं या तपासणीत सापडतात आणि त्यांच्या शस्त्रक्रिया होतात. हे काम मोठंच आहे. पण पथक शाळेत येतं वर्षातून एकदा. गालफुगी त्या तारखेची वाट बघत थांबत नाही. आणि गालफुगीची लस तर आजही सरकारी वेळापत्रकात नाही. नोव्हेंबर २०१८ च्या मोहिमेत शाळाशाळांतून दिली गेली ती गोवर आणि रुबेलाची. गालफुगीचीही हवी तर खाजगी दवाखान्यात पैसे मोजा.

स्वच्छतागृहांचं तर काय सांगावं. कागदावर ती जवळजवळ सगळीकडे आहेत. कितीतरी ठिकाणी त्यांना कुलूप आहे, कारण उघडलं तर साफ करावं लागेल. झेडपीच्या प्राथमिक शाळेला शिपाई नसतो. मग साफ कोण करणार? शिक्षक, किंवा मुलं. आणि मुलांपैकी कोण, हे ठरवताना आडनावं आठवतात, हे आपल्याला चांगलं माहीत आहे. आपण बोलत नाही, एवढंच. कुलूप लावलं की मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. घरून भरलेली बाटली तशीच परत येते. मग लघवीची जळजळ, पोटात दुखणं, पाळीच्या दिवसांत चार-चार दिवस गैरहजेरी. २०१९ मध्ये केरळच्या शाळांनी पाणी प्यायची आठवण म्हणून वेगळी घंटा वाजवायला सुरुवात केली. छान कल्पना आहे. आपल्याकडे मात्र आधी कुलूप काढावं लागेल.

*

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या शब्दाकडे.

रोजंदारीवरच्या माणसाच्या तोंडी एक शब्द असतो, खाडा. खाडा झाला म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. मुलाला ताप आला आणि आई घरी राहिली तर मुलाचा शाळेत खाडा आणि आईचा कामावर खाडा. मुलाचा खाडा हजेरीपटावर लाल शाईने जातो, आईचा खाडा शनिवारच्या हिशोबात कापला जातो. म्हणून आई काय करते? मुलाला शाळेत सोडते. शाळेत छप्पर आहे, मास्तर आहेत, दुपारी खिचडी आहे. तिच्या दृष्टीने ते योग्यच आहे. 'निष्काळजी पालक' म्हणून पालकसभेत तिला झापणाऱ्यांनी आधी तिच्या एका दिवसाची मजुरी तिच्या हातावर ठेवावी, मग बोलावं.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी भांड्याला, पोळ्यांना मावशी येत असतील. गेल्या पावसाळ्यात त्या दोन दिवस आल्या नाहीत, नातवाला किंवा मुलाला ताप होता. तेव्हा तुमच्या घरात काय बोलणं झालं, आठवतं? "यांचं नेहमीचंच आहे." पगारातून काही कापलं का? कापलं असेल तर साथ पसरवण्यात तुमच्या घराचाही वाटा आहे. हे ऐकायला बरं वाटत नाही, मलाही वाटलं नाही. आमच्या घरी कापले होते.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. पूर्ण हजेरीचं बक्षीस बंद करा, या एक मेपासून. त्याला पैसे लागत नाहीत, जीआर लागत नाही, मुख्याध्यापकांनी मनावर घेतलं की झालं. तीन दिवसांपर्यंतच्या आजारपणाला आईबापाची चिठ्ठी पुरे समजा, सर्टिफिकेट मागू नका. चुकलेली चाचणी पुन्हा घ्या. प्रत्येक शाळेत एक खाट, एक थर्मामीटर आणि दार लागणारा एक कोपरा असू द्या, म्हणजे वर्गात ताप चढलेलं पोर घरचं माणूस येईपर्यंत तिथे पडू शकेल. प्रवेशाच्या वेळी लसीचं कार्ड बघा. नसेल तर प्रवेश नाकारू नका, त्या मुलाला आरोग्य केंद्रात न्या. साबणाचे पैसे वेगळे द्या, आणि साबण चोरीला जातो म्हणून रडू नका. जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधा. तरीही गेला तर एका घरात साबण पोचला असं समजा. आणि संडास साफ करणाऱ्या माणसाला पगार द्या. मुलांकडून ते करून घेणं बंद करा, विशेषतः ठरावीक मुलांकडून.

तुम्ही विशी-पंचविशीत असाल. तुमचं मूल अजून शाळेत नाही, पण भाचा असेल, पुतणी असेल. ज्या शाळेत तुम्ही शिकलात तिचा माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप तर असेलच. दर गॅदरिंगला वर्गणी काढून स्मार्ट टीव्ही द्यायची टूम निघते. यंदा त्या ग्रुपवर एवढंच विचारा, की शाळेत नळाला पाणी आहे का आणि मुलींच्या संडासाची किल्ली कुणाकडे असते. उत्तर कुणालाच माहीत नसेल. कुणीतरी जाऊन बघेल. सुरुवात तिथूनच होईल.

*

माझ्या बाकावरचा तो मुलगा आता पुण्याजवळ एका कंपनीत सुपरवायझर आहे. बरं चाललंय त्याचं. हा लेख लिहायचा ठरल्यावर मी त्याला फोन केला आणि इतक्या वर्षांत जे बोललो नव्हतो ते बोललो, की बहुतेक माझ्यामुळेच तुझी परीक्षा बुडाली.

तो हसला. म्हणाला, "तुझा तो मफलर मला अजून आठवतो. आजी तेव्हाच म्हणाली होती, की ते पोर कशाला आलं होतं शाळेत."

मी गप्पच.

"पण खरं सांगू का," तो म्हणाला, "त्या रविवारी मला उठताच आलं नाही म्हणून राहिलो. जरा जरी उभं राहता आलं असतं ना, तर मीपण मफलर बांधून पेपरला गेलो असतो."

परीक्षेच्या त्या हॉलमध्ये पाच-सहा गावांची मुलं होती.